रिकाम्या ऐरणीवर

शुक्रवारी गॅरेज बंद.
ट्रकच्या कमानीचे तुटके पाटे
गोणीत भरून मी मरहूनकडे नेतो.
बहलाच्या किल्ल्यामागे, फलजच्या कडेला
त्याची भट्टी: तीन भिंती, वर खजुराच्या झावळ्या,
आणि भात्याच्या जागी
एका मेलेल्या टोयोटाचा पंखा.

एका पाट्याचे दोन विळे होतात.
हे त्याने सांगायच्या आधीपासून मला माहीत आहे.
परांड्याच्या बाजारात भंगारवाला
असलेच पाटे किलोवर द्यायचा
आणि वडील ते वाजवून, उलटेपालटे करून,
नाकाशी धरून घ्यायचे,
जणू खरबूज.

इथल्या विळ्याला दात असतात.
घडाचा देठ दातांशिवाय तुटत नाही.
मरहून छिन्नीने एकेक दात पाडतो. मोजत नाही,
ओठ मात्र हलत असतात.
त्याचा मुलगा मस्कतला बँकेत आहे.
'हद्दाद' म्हणून हाक मारली
तर तो वळून बघत नाही, असं मरहून सांगतो
आणि हसतो, आणि बाजूला थुंकतो.

माझ्या बिल्ल्यावर लोहार असं आडनाव आहे.
इथे त्याचा अर्थ कुणाला लागत नाही.
पहिली दोन वर्षं मला
त्याचंच बरं वाटायचं.

घण मारणारा शफीउल आज गावी गेलाय,
चितगावच्या पलीकडे कुठेतरी.
मरहूनने हनुवटीनेच घणाकडे खूण केली.

घरी घण आई मारायची.
वडील बसून, सांडशीत लाल लोखंड,
उजव्या हातात लहान हातोडी.
हातोडी टेकेल तिथे आईचा घाव.
एक शब्द नाही.
सकाळी भांडण झालेलं असलं तरी
घाव तसूभर इकडेतिकडे नाही.
आणि हातोडी रिकाम्या ऐरणीवर टक् वाजली
की थांबायचं.

मरहूनचीही हीच भाषा निघाली.
त्याच्यापाशी मोडकं अरबी बोलून बोलून
माझी जीभ सोलली होती तीन वर्षं,
आणि हे इथंच पडून होतं,
ऐरणीवर.

तेवढ्यात फोन. आईचा, शुक्रवारचा.
"काय बडवतोयस रं?"
विळा.
"नवा, का शेवटायला आलाय?"

किती दिवसांनी ऐकला हा शब्द.
बोथट फाळ, झिजली कुऱ्हाड
लोक आमच्याकडे शेवटायला आणायचे.
आमच्या तोंडी शेवट म्हणजे
परत धार.

नवा आहे, म्हटलं. बघ.
फोन भट्टीकडे वळवला.
तिच्या मागे आमची ऐरण दिसत होती.
तिच्यावर आता पाण्याचा फिल्टर ठेवलाय,
खाली फडकं, तोटीला बांधलेला पेला.

"पांढरं धोट दिसतंय सगळं," ती म्हणाली,
"ह्या फोनला लोखंडाचा रंग कळत न्हाई.
ठेव तिथं भिंतीला. मार. ऐकू दे."

मी मारू लागलो.
मरहूनची हातोडी पुढे, माझा घण मागे,
आणि भिंतीला टेकलेली आई.
"बद्द वाजतंय, चांगलं हाय, मार."
"मार."
"आता कण्ण वाजाय लागलं. निवलंय.
घाल परत आगीत, न्हाईतर तडा जाईल."

मरहूनने मान वर केली. काय म्हणते?
मी आगीकडे बोट दाखवलं.
त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे,
दुसऱ्याने तो फोनकडे
बराच वेळ बघत राहिला.
मग निमूट विळा निखाऱ्यात सारला,
समुरीच्या कोळशाच्या,
आमच्या बाभळीचीच भावकी ती.

आणखी दोन वेळा तापवला.
आई मध्ये बोलली नाही.
वडील गेल्यावर तिला कुणी
लोखंडाबद्दल काही विचारलं नसावं.
असतानाही.

मग मरहूनची हातोडी
रिकाम्या ऐरणीवर वाजली.
टक्.

माझा घण अजून हवेत होता
आणि तिकडून आई म्हणाली,
"ठेव आता."

घण, की फोन, कळलं नाही.
मी दोन्ही ठेवले.

विळा पाण्यात गेला तेव्हाचा चर्र
तिला ऐकवायचा राहिला.